घासून काढलेला ठसा

मी, वनमाला विजयसिंह नाईकनवरे, वय वर्षे शहात्तर, धंदा शेती व घरकाम, राहणार वडवणी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीवर आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून भुलवलेले नाही. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सबंध नाईकनवरे घराण्यात असा दाखला असलेली मी एकटीच आहे. तो मला माझे दीर अमरसिंह यांच्यामुळे मिळाला; कसा, ते पुढे लिहिले आहे.

मला मूलबाळ नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

१. वडवणीतील माझे राहते घर, भांडीकुंडी व बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझी भाची ऋतुजा, राहणार अंबाजोगाई, हिला मिळावे. ऋतुजा मला दिवाळीला एकदा फोन करते आणि तेवढ्यातही घाईत असते. पण माझ्यावर जीव आहे असे सोंग तिने कधी आणले नाही. सासरच्या मंडळींपैकी एवढा प्रामाणिकपणा कुणाला जमला नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

२. माझ्या पतीचे कॉर्नेट व माउथपीसचा पत्र्याचा डबा, भिंगासह, बीडच्या बँडमधील शहादेव याला द्यावा. कॉर्नेट, ट्रम्पेट अशा पितळी वाद्यांना ओठाशी लावायचा पेल्यासारखा तुकडा असतो, त्याला माउथपीस म्हणतात. डब्यात असे पुष्कळ आहेत.

हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. माझे पती कै. विजयसिंह हे जमीनदाराचे थोरले चिरंजीव असून लोकांच्या वरातीत बँडवाल्यांच्या मागे मागे फिरून कॉर्नेट शिकले. घराण्याची अब्रू गेली असे सासरे मरेपर्यंत म्हणत होते. पतीचे वाजवणे वाईट होते आणि शेवटपर्यंत वाईटच राहिले. मेलेल्या माणसाविषयीही मी खोटे लिहिणार नाही. पण माउथपीसच्या दांड्यावर कंपनीने ठोकलेला ठसा पाहून तो तुकडा कधीचा, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. हैदराबादच्या जुन्या बाजारातून, मोडीत निघालेल्या बँडांकडून ते तुकडे आणत. अक्षरे एकेक करून हाताने ठोकली आहेत की एका दाबात उठवली आहेत, मुलामा अक्षराच्या खाचेत उतरला आहे की अक्षराने मुलामा कापला आहे, यावर त्यांचे जेवण थंड होई. मला या सगळ्याचा तिटकारा होता.

मग काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि भिंग माझ्या हातात आले. ते दांडा बोटांनी चाचपत, मी ठसा वाचून दाखवी.

"बूझी," मी म्हणे.

"पुढं वाच. पुढंच समदं असतंय."

"अँड कंपनी."

"मग तीसच्या अगोदरचा हाय."

लंडनच्या बूझी आणि हॉक्स या दोन वेगळ्या कंपन्या होत्या. १९३० साली त्या एक झाल्या. दोन्ही नावे एकत्र ठोकलेला तुकडा त्याआधीचा असूच शकत नाही. इतके सोपे आहे. आंधळ्या माणसाला कळत होते.

शहादेव हा पतीचा एकुलता एक दोस्त व लबाड माणूस. त्याने एकदा मेरठच्या कारखान्यातला कोरा माउथपीस मीठ लावून उकिरड्यात पुरला, काळा करून बाहेर काढला आणि पुण्याच्या एका शौकिनाला निजामाच्या पदरच्या वादकाचा म्हणून विकला. पती वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. तरी डबा त्यालाच द्यावा. खोटे बोलताना खरे काय ते शहादेवला माहीत असते. आमच्या दिरांना तेही माहीत नसते.

३. माझे दीर अमरसिंह यांना काहीही देऊ नये. मी विसरले असे कुणी म्हणू नये म्हणून कारण सविस्तर लिहिते.

पतीच्या तेराव्याचे जेवण आटोपल्यावर अमरसिंह यांनी डबा उघडून त्यातला सर्वांत चकचकीत तुकडा उचलला. "दादाची आठवन म्हनून ठिवतो, वहिनी," म्हणाले. दादाला जन्मभर चारचौघांत पुंगीवाला म्हणणाऱ्या भावाला आठवण हवी होती. मी म्हटले, घ्या.

त्या आठवणीचे काय झाले ते दोन वर्षांपूर्वी कळले. अमरसिंह यांनी मळ्यात स्मारक बांधले. आमचे आजेसासरे कै. आप्पाराव हे म्हणे निजामाच्या लष्करी बँडचे मास्तर होते, आणि १९२२ साली गोऱ्या साहेबाच्या पायाशी कॉर्नेट आपटून त्यांनी नोकरी सोडली. तसे दगडावर कोरले. त्या कॉर्नेटचा माउथपीस म्हणून माझ्या पतीचा तुकडा सोन्याचा मुलामा चढवून काचेत मांडला. आप्पारावांनी वडवणीच्या बाहेर कुणाची चाकरी केली नाही, आणि वाजंत्री जवळ आली की ते कानात बोटे घालून आत जात, असे सासूबाई सांगत. पण निवडणूक जवळ होती आणि घराण्यात एक देशभक्त कमी पडत होता.

उद्घाटनाला मला पुढच्या खुर्चीवर बसवले. का बसवले ते माईकवरून समजले. बीड रस्त्याची माझी दोन एकर जमीन, गट क्रमांक २१२, मी आप्पारावांच्या नावाच्या महाविद्यालयाला दान देत असल्याचे अमरसिंह यांनी जाहीर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले, काचेचे झाकण काढले, पर्समधून भिंग काढले आणि माईक तोंडाशी ओढून ठसा वाचला. "बूझी अँड हॉक्स, लंडन."

"वहिनी, खाली बसा. तुमची तब्येत बरी न्हाई."

"तब्येत उत्तम आहे. आप्पारावांची समाधी इथेच मागे आहे. तिच्यावर साल कोणते आहे?"

मग मागून कुणीतरी म्हणाले, "अठ्ठावीस."

"आणि या नावाची कंपनी झाली तीस साली. म्हणजे आप्पाराव मेल्यावर दोन वर्षांनी उठून हा घ्यायला गेले. जमीन मी दिलेली नाही, देणार नाही."

लोक हसले. अमरसिंह यांना शिव्या चालतात, विरोधक चालतात. हसणे चालत नाही. आठवड्याच्या आत त्यांनी मला रक्तदाब तपासण्याच्या नावाखाली गाडीत घालून बीडला नेले. दारावरची पाटी वाचून मला कळले की डॉक्टर मनोविकारांच्या आहेत. मी परत फिरले नाही. मला बघायचे होते, हा माणूस किती खाली उतरतो.

डॉक्टर प्रियदर्शनी यांनी मला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत येऊन थांबले आणि म्हटले, पुढे सात जात नाहीत. मग त्या अमरसिंह यांच्याकडे वळल्या.

"यांना भ्रम झालाय असं तुम्हाला कशावरून वाटतं?"

"पितळंवरची अक्षरं वाचून मेलेल्या मानसाचं साल सांगतात."

"कोणत्या माणसाचं?"

"आमच्या आज्याचं."

डॉक्टरांनी मला विचारले. मी सगळे सांगितले. त्यांनी मोबाइलवर काहीतरी शोधले, वाचले आणि लिहायला घेतले. लिहिता लिहिता म्हणाल्या, "यांना काहीही झालेलं नाही. आलाच आहात तर तुमचा रक्तदाब तपासू का?"

तो दाखला मी पर्समध्ये घातला; सोबत जोडला आहे तो हाच.

पुढच्या महिन्यात मी स्मारकात गेले तेव्हा काचेला कुलूप होते. बाहेरून भिंग लावून पाहिले. ठशातले 'बूझी' तेवढे शिल्लक होते. पुढचे 'अँड हॉक्स' कानशीने घासून काढून वरून पुन्हा मुलामा दिला होता. दांडा तेवढ्या जागी चपटा झाला आहे; नाव एका अंगाला सरकल्यासारखे दिसते. तोवर मला वाटत होते की अमरसिंह यांचा आपल्या गोष्टीवर विश्वास तरी आहे. त्या दिवशी तेवढाही मान उरला नाही. भावाने नजर जाईपर्यंत सांभाळलेली वस्तू यांनी दोन मतांसाठी घासली. तो तुकडा मी परत मागत नाही. तो त्यांच्याजवळच राहू द्यावा. वाचता येणाऱ्या कुणाही माणसाला तो यापुढे आप्पारावांविषयी काही सांगणार नाही, अमरसिंह यांच्याविषयी सांगेल.

४. गट क्रमांक २१२ विषयी. ही जमीन या मृत्युपत्रातून मी वगळली आहे, त्याचे कारण असे.

या जमिनीवर दगडाबाई व तिचा नवरा हरिबा यांची मेंढरे पतीच्या हयातीपासून बसतात. दोघांची डोंगराकडेला थोडी कोरडवाहू जमीन आहे, त्यामुळे कायद्याने ती शेतकरीच आहेत व शेतजमीन घेऊ शकतात. ही दोन एकर मृत्युपत्राने त्यांना द्यायची असे मी ठरवले. महाविद्यालयाच्या जागी मेंढरे बसलेली अमरसिंह रोज गाडीतून बघतील, या विचाराने मला झोप चांगली लागू लागली होती. मी दगडाबाईला बोलावून तसे सांगितले. ती खूश होईल असे वाटले होते.

ती म्हणाली, "नगं वैनीसाब."

"का नको?"

"तुमी जानार मरून. मंग अमरसिंगदादा, त्यांची पोरं, त्यांची मानसं, समदी आमच्या अंगावर येतील. तवा तुमी कुटं असनार? तुमाला दिराची जिरवायची हाय. त्येच्यासाटी आमची मेंढरं कावून पुढं करता?"

मला कुणी असे बोललेले आठवत नाही. मी तिला जायला सांगितले. रागावले होते. दिवसभर तिच्या बोलण्याला उत्तर जुळवत बसले.

चार दिवसांनी ती आपणहून आली. हरिबा फाटकाबाहेर उभा होता.

"जमीन घेतो आमी," ती म्हणाली. "पर तुमी जित्या हाय तवर नावावर करा. कोन आडवं आलं तर तुमी उबं ऱ्हावा. मेल्यावर दिलेलं आमाला पेलायचं न्हाई."

त्याप्रमाणे मी बक्षीसपत्र करून दिले. नोंदणी झाली, सातबाऱ्यावर दगडाबाई व हरिबा यांची नावे लावण्यासाठी अर्ज दिला. अमरसिंह यांनी तलाठ्याकडे हरकत घेतली, मंडळ अधिकाऱ्यांपुढच्या सुनावणीला स्वतः आले. मीही गेले, काठी टेकत, आणि दगडाबाईच्या शेजारी बसले. हरकत फेटाळली, नावे लागली. बाहेर पडताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. दगडाबाईने मात्र पाहिले, आणि म्हणाली, "आता धा वर्सं तरी मरू नगा." मी तसा शब्द दिला.

वरील सर्व मी वाचून, समजून, खाली सही केली आहे. दगडाबाईला दिलेल्या शब्दामुळे या मृत्युपत्राची अंमलबजावणी होण्यास विलंब लागू शकतो, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

ठिकाण : वडवणी
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

(सही) वनमाला विजयसिंह नाईकनवरे

साक्षीदार : लिहून ठेवणार यांनी आमच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

१. (सही) डॉ. प्रियदर्शनी कुलथे, बीड. सही करतेवेळी लिहून ठेवणार यांची मनःस्थिती उत्तम होती.

२. (सही) राधाकिशन मुळे, निवृत्त पोस्टमास्तर, वडवणी.