पेसाखचं भांडं आणि बाद झालेला हात

टीनेक, न्यू जर्सी
गुरुवार

प्रिय फ्रीडा मावशीआजी,

तुमचा गुडघा, तुमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी आणि फ्लोरिडाचा उकाडा, तिन्ही सोसण्याइतपत असतील अशी आशा आहे. इकडे आजीचं मनगट जुळत आलं आहे. आवाज तर मोडलाच नव्हता. बाकी जे घडलं ते आधी नुसतं मांडते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल.

१. यंदाच्या पेसाखच्या सणाचा सगळा स्वयंपाक मी फेब्रुवारीतच करून गोठवून ठेवला.
२. तो सगळा बाद ठरला.
३. काल, बुधवारी, मी माजाँगच्या डावात पहिल्यांदा जिंकले.
४. तेही बाद ठरलं.
५. त्यानंतर आजीने तुमचं नाव घेतलं.

पाचव्या मुद्द्यासाठी हे पत्र आहे, पण तो पहिल्या चारांशिवाय समजणार नाही.

जानेवारीत आजी टपालपेटीपाशी बर्फावरून घसरली हे माजाँगच्या टेबलावरच्या मर्नांनी तुम्हाला कळवलं असेलच. (मर्ना तुम्हाला काय काय कळवतात ते मी विचारत नाही.) हाताला प्लास्टर चढत असतानाच तिने मला दोन कामं सोपवली. एक, यंदाच्या सेदरचा, पेसाखच्या रात्रीच्या जेवणाचा, स्वयंपाक. दोन, बुधवारच्या माजाँगच्या टेबलावरची तुमची खुर्ची. दर हिवाळ्यात तुम्ही फ्लोरिडाला गेलात की त्या खुर्चीवर कुणी ना कुणी तात्पुरतं बसतं आणि पेसाखला तुम्ही परत येता, म्हणून तिची कधी कुणी काळजी केली नव्हती. यंदा मात्र तुम्ही मर्नांना कळवलंत की आता तिकडेच राहणार. मर्ना माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘‘पोरगी पेसाखपर्यंत खेळण्याजोगी झाली तर ठीक, नाहीतर मी आणि डोरीन क्लबातल्या टेबलावर जाणार.’’ आजी क्लबात जाणार नाही हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. ‘‘अनोळखी बायकांसमोर मी सोंगट्या उघड्या करू?’’ असं ती म्हणते. म्हणजे मी नापास झाले की आजीचा बुधवार गेला, आणि आठवड्यात तिच्याकडे दुसरा वार नाही.

आधी स्वयंपाक. माझं काम शीतगृहांचं आहे. गोदामातला वाटाणा सप्टेंबरपासून जूनपर्यंत हिरवा कसा राहील याची जबाबदारी माझ्यावर असते. त्यामुळे सणाच्या तोंडावर पहाटेपासून ओट्याशी उभं राहायचं आणि सेदरला बसल्या बसल्या पेंगायचं, ही आजीची (आणि तुमचीही, असं ऐकते) पद्धत मला अजिबात पटत नव्हती. मी फेब्रुवारीतला एक रविवार घेतला आणि सगळं त्यात बसवलं. ब्रिस्केटचं मांस शिजवून, पूर्ण गार करून मगच कापलं, कारण गरम कापलं की त्याच्या चिंध्या होतात. मग चकत्या त्यांच्याच रश्श्यात बुडवून गोठवल्या. सूप सपाट पिशव्यांत भरून कपाटातल्या फायलींसारखं उभं लावलं. सुपातले मात्झाचे, बिनखमिराच्या पोळीच्या चुऱ्याचे, गोळे आइस्क्रीमच्या चमच्याने काढले, त्यामुळे सगळे एका मापाचे झाले. ओव्हनमध्ये भाजलेले बटाट्याचे दोन कुगेल, गाजराचं गोड, प्रत्येकावर नाव आणि तारीख. खरं सांगते, तो फ्रीझर उघडून मी कधी कधी उगाच बघत बसायचे.

तीन आठवड्यांपूर्वी आजी बघायला आली. तिने दार उघडलं, एकेक पिशवी वाचली आणि ‘‘अगं बाई!’’ म्हणाली. कौतुकच होतं ते. मग विचारलं, ‘‘ब्रिस्केट कुठल्या भांड्यात केलंस?’’

मी म्हटलं, ‘‘निळ्या.’’

तिने फ्रीझरचं दार लावलं, कुणा मेलेल्याचे डोळे मिटावेत तसं.

आता तुम्ही हसत असाल. पण मी लहानपणापासून पेसाखला पाहुणी म्हणूनच आले. तळघरातून खोकी निघायची, त्यातून वेगळी ताटं, वेगळे चमचे यायचे. मला वाटायचं, ती सणाची चांगली भांडी आहेत, जशी सणाची चांगली चादर असते. पेसाखला पाव-शेवया वर्ज्य असतात, म्हणून त्या लागलेल्या रोजच्या भांड्यात केलेलंही चालतच नाही, मग ते महिनाभर आधी करा नाहीतर तासभर आधी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या आईने तर पेसाखला टोस्ट खाल्लेला मी पाहिला आहे. (हे आजीला सांगू नका.) ‘‘ते निळं भांडं वर्षभर शेवया खातंय, टोवा!’’ आजी म्हणाली. मी तिला शांतपणे सांगितलं की भांडं घासलेलं होतं आणि उणे अठराला काहीच जिवंत राहत नाही. त्यावर ती म्हणाली, ‘‘देवाला थर्मामीटर दाखवतेस?’’

मग आम्ही तळघरातली खोकी काढली. ताटं होती, कढया होत्या, कुगेलचे ट्रे होते. सगळ्यात मोठ्या खोक्यात वर्तमानपत्रांच्या बोळ्यांमध्ये एक मोठा गोल खड्डा होता. मी विचारलं, इथलं भांडं कुठे आहे? आजी म्हणाली, ‘‘उसनं गेलंय.’’ कुठे, असं विचारल्यावर ती तळघरातल्या फ्यूजच्या पेटीकडे इतक्या लक्षपूर्वक बघायला लागली की मी पुढे विचारलं नाही. नंतर मर्नांकडून कळलं की तुमच्या आईचं ब्रिस्केटचं भांडं ऑक्टोबरपासून फ्लोरिडात आहे.

दरम्यान, फ्रीझरमधलं सगळं पेसाखच्या आत संपवणं भाग आहे. ते आम्ही बुधवारच्या टेबलावर संपवतो आहोत. मर्ना आल्या आल्या नाक वर करून विचारतात, ‘‘आज काय, ब्रिस्केट की ब्रिस्केट?’’ डोरीन दोनदा वाढून घेतात.

आता माजाँग. सुरुवातीला मी वाईट नव्हते, धोकादायक होते. पहिल्याच दिवशी, डावाआधी तीन तीन सोंगट्यांची अदलाबदल होते तेव्हा मी मर्नांना चक्क जोकर देऊन टाकला. जोकर कुणी कुणाला देत नाही, तसा नियमच आहे. मर्नांनी तो दोन बोटांत धरून, दुसऱ्याचा रुमाल परत करावा तसा माझ्यासमोर ठेवला. शिवाय जिंकायला लागणाऱ्या सोंगट्यांच्या जुळण्या, म्हणजे हात, ज्यावर छापलेले असतात त्या कार्डावरचा एकच हात मनात धरायचा आणि त्याच्यासाठी शेवटपर्यंत कुढत बसायचं, ही माझी खोड होती. आजीने ती मोडली. ‘‘दोन हात डोक्यात ठेव. एक मेला तर दुसऱ्याकडे जा. रडत बसू नकोस.’’ बाकीचं मी माझ्या पद्धतीने केलं. जेवणाच्या सुट्टीत सराव करता येईल असा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो मला सोंगट्या वाटायचा आणि मी चुकीची टाकली की तांबडा दिवा लावायचा. कार्डावरचे सगळे हात मी पाठ केले, इतके की टेबलावर माझ्यासमोर कार्ड ठेवणंच बंद केलं. मार्चमध्ये डोरीन म्हणाल्या, ‘‘हिच्यासमोर आता जरा जपून टाकायला हवं.’’ डोरीन पंधरवड्यात एखादं वाक्य बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे.

काल डाव सुरू होण्याआधी मी स्वयंपाकघरात दुसरा कुगेल गरम करत होते. बाहेर आले तेव्हा तिघींसमोर कार्डं होती आणि त्यांचा रंग वेगळा होता. मी ते पाहिलं आणि नवी छपाई असेल असा निष्कर्ष काढला. दरवर्षी पेसाखच्या सुमाराला नवं कार्ड येतं आणि जुन्या वर्षाचे सगळे हात त्या दिवशी मरतात. हे टेबलावरच्या कुणीही मला मुद्दाम सांगितलं नव्हतं, जसं एक जानेवारीला भिंतीवरचं कॅलेंडर बदला असं कुणी कुणाला सांगत नाही. माझं नवं कार्ड मर्नांनी माझ्या जागेवर ठेवलं होतं. त्यावर मी कुगेलची बशी ठेवली.

डाव फार छान गेला. दोन हात डोक्यात होते, एक सोडला, दुसरा जमत आला. आजीने टाकलेल्या सोंगटीवर मी ‘‘माजाँग!’’ म्हटलं आणि सगळ्या सोंगट्या ओळीने मांडल्या. तिघी वाकल्या. आपापली कार्डं वरपासून खालपर्यंत वाचली. मग मर्ना म्हणाल्या, ‘‘अप्रतिम. गेल्या वर्षीचा आहे.’’

डोरीन म्हणाल्या, ‘‘पण गेल्या वर्षीचा अगदी बिनचूक आहे हं.’’

मी बशी उचलली. नव्या कार्डावर तेलकट गोल उमटला होता.

आजी हसायला लागली. मनगट दुखेपर्यंत हसली, दुसऱ्या हाताने ते धरून हसली. डोळे पुसत म्हणाली, ‘‘फ्रीडा असती ना, तर हिने पहिल्या सोंगट्या उघड्या केल्या तेव्हाच ओरडली असती, हात बाद!’’

मर्नांच्या हातातून सोंगटी पडली. ऑक्टोबरपासून त्या घरात तुमचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तुमचा उल्लेख करायची वेळ आली तर आजी ‘‘दक्षिणेत’’ असं म्हणते, जणू तिथे कुणी राहत नाही, नुसती दिशा आहे. आम्ही तिच्याकडे बघत राहिलो तशी ती म्हणाली, ‘‘काय बघताय? मेलीय का ती? सोंगट्या लावा.’’

ऑक्टोबरात तुम्हा दोघींचं भांडण झालं त्या बुधवारी मी नव्हते. माझ्याकडे दोन हकिकती आहेत. मर्ना म्हणतात, आजीसमोरच्या सोंगट्या लावायच्या पट्टीवर एक सोंगटी जास्त होती, तुम्ही ती बोट ठेवून मोठ्याने मोजलीत आणि हात बाद केलात. नियमाप्रमाणे तो बादच होता. आजी म्हणते, असेल जास्त, पण सख्ख्या बहिणीने मोजायची नसते. या दोन हकिकतींत विरोध आहे असं मला वाटत नाही. काल भांडी आवरताना आजी माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘एक जास्त होती.’’

मी म्हटलं, ‘‘काय?’’

‘‘काही नाही. ती पळी नीट पूस.’’

मर्नांनी माझा निकाल अजून दिलेला नाही. पुढचा बुधवार बघू, म्हणाल्या. नवं कार्ड माझ्या अंगवळणी पडायला उन्हाळा उजाडेल, हे त्यांना कळतं.

तुमची
टोवा

ता. क. विनंती अशी की पेसाखचं ब्रिस्केटचं भांडं परत मिळावं. त्याशिवाय मला सेदरचा स्वयंपाक पुन्हा करता येत नाही.

ता. क. २. कुरियरची चौकशी केली. भांडं ते घेतात आणि वेळेत पोचवतात. पण आजी म्हणते, आईचं भांडं असं एकटं येणार नाही, ज्याने नेलं त्याने मांडीवर घेऊन यावं. हे तिचे शब्द आहेत, मी फक्त उतरवले.

ता. क. ३. पेसाखसाठी कोरी मोठी भांडी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दारातच रचून ठेवली आहेत. आजीला मी संपली म्हणून सांगितलं. एरवी मी असं करत नाही.

ता. क. ४. तुमची खुर्ची पुसून ठेवली आहे. मी स्टुलावर बसेन आणि तुमच्या मागून बघेन. हे पत्र कुरियरने उद्या सकाळीच पोचेल; विमान किती वाजता उतरतं ते उद्याच, शुक्रवारी, शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी, फोन करून कळवा. शब्बाथ लागल्यावर आजी फोन उचलणार नाही, आणि हा तिलाच उचलायचा आहे.