कावळ्याला दिलेला शब्द

शनिवार, २९ ऑगस्ट २०२०

आलो एकदाचा! डब्लिनपासून लांब, शॅनन गावातल्या त्या भाड्याच्या खुराड्यातून सुटलो. तिथे भिंतीपलीकडचा माणूस शिंकला की इकडे मी मास्क चढवायचो. आता पलीकडे माणूसच नाही. टेकडीच्या उतारावर दुमजली दगडी घर, पुढे कुरण, मागे पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांचं रान आणि त्यापलीकडे नुसती दलदल. कंपनी गाडीने अर्ध्या तासावर, आणि निम्मे दिवस तर घरूनच काम. हृदयात घालायच्या नळ्यांच्या चाचण्यांचे कागद तपासायला टेकडी काय आणि ऑफिस काय!

किल्ली द्यायला शेजारच्या नोराबाई आल्या होत्या. शेजार म्हणजे दोन शेतं ओलांडून. सत्तरीच्या, पायात गमबूट, हातात काठी. किल्ली कुंपणाच्या भिंतीवर ठेवून मागे सरकल्या, मग मी पुढे होऊन उचलली. सोवळ्यातल्या आत्याची आठवण झाली. घरमालक बॉस्टनला असतो. घर त्याच्या काकांचं, कॉन हेहिर नावाच्या गृहस्थांचं. ते एप्रिलमध्ये वारले. बाकी सगळं ग्रँड आहे, म्हणाल्या. इथे सगळंच ग्रँड असतं, हवा, चहा, गुडघेदुखीसुद्धा.

श्रावणीला आणि चैत्रालीला व्हिडिओवर घर फिरवून दाखवलं. चैत्रालीने रानाकडच्या खिडकीची वरची खोली तिथूनच पटकावली. झोपाळा हवा म्हणाली. जानेवारीनंतर बायकोला, लेकीला जवळ घेतलेलं नाही. व्हिसा मिळाला की दोघी येतील. झोपाळा आधी बांधून ठेवतो.

रविवार, ६ सप्टेंबर

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. जिन्याखालच्या प्रेसमध्ये झाडू ठेवायला गेलो तर आत भिंतीला बोल्टने आवळलेली उभी लोखंडी पेटी. रिकामी. आत अजून तेलाचा वास आहे.

नोराबाईंना विचारलं. भिंतीच्या त्या बाजूला त्या, या बाजूला मी, आपापला चहा घेऊन बसलो होतो. ती कॉन यांच्या बंदुकीची पेटी. या देशात परवान्याशिवाय बंदुकीला हात लावायची सोय नाही. परवाना गार्डा, म्हणजे इथले पोलीस, देतात. बंदूक अशा पेटीत कुलपात ठेवावी लागते, आणि ते घरी येऊन पेटी बघून जातात. कॉन लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. बंदूक, फ्लॉस नावाची स्पॅनियल कुत्री आणि हे रान, एवढाच संसार. एक नोव्हेंबरला फेजंटचा, म्हणजे लांब शेपटीच्या रानकोंबड्यांचा, हंगाम उघडतो. त्या दिवशीचा पहिला पक्षी ते नोराबाईंच्या दारात ठेवायचे.

मग कॉन यांची नजर गेली, आठवणही गेली. परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. सार्जंट स्वतः येऊन बंदूक घेऊन गेला, आणि जाताना तोच रडला. कायद्याचं बरोबरच होतं, नोराबाई म्हणाल्या. पण मागचा अख्खा हंगाम कॉन खिडकीत बसून एकच विचारत होते, आपण कधी निघायचं? अंत्ययात्रेला दहाच माणसांना परवानगी, बाकी गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं. फ्लॉस फाटकाशी बसून राहिली. खाल्लं नाही, आठवड्यात गेली.

बंदूक गेली तेव्हा धुराड्यावर कावळे परत आले, हेही त्यांनीच सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं. त्याचं कारण उद्या-परवा लिहीन.

गुरुवार, १७ सप्टेंबर

आज सर्वपित्री अमावास्या. वडील, आमचे अण्णा, जुलैत गेले. पुण्याच्या कोविड वॉर्डातून मला फोनवर दिसली ती फक्त प्लास्टिकची गुंडाळी. विमानं बंद. दहाव्याला चुलतभाऊ देवदत्त बसला. पिंडाला कावळा शिवेना. काकूंना सांभाळतो, हेमचंद्रला, म्हणजे मला, बोलावून घेतो, बिचाऱ्याने सगळं कबूल करून पाहिलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. शास्त्राला ते चालतं. मला नाही चालत. अण्णांचं काय राहिलं असेल? मला बघायचं राहिलं, दुसरं काय.

पहिल्या वर्षी हे करू नये, असं आई फोनवर म्हणाली. तरी केलं. दहीभात, वर काळे तीळ, मागच्या भिंतीवर. इथला कावळा काळा नसतो, राखाडी जाकीट घातल्यासारखा असतो. धुराड्यावर बसून माझी गंमत बघत राहिला. मी म्हटलं, आईला इकडे आणीन. नाही. वर्षश्राद्धाला नक्की येईन. नाही. मग मला रडू फुटलं. म्हटलं, जे काही राहिलं असेल ते मी करीन, काय वाटेल ते, शब्द देतो. तसा तो खाली उतरला आणि सगळा भात खाऊन गेला.

किती हलकं वाटलं! अण्णांचं नाव घ्यायचं राहिलं, हे घरात आल्यावर लक्षात आलं. पण या टेकडीवर माझ्याकडे मागणारं दुसरं आहे कोण?

रविवार, २० सप्टेंबर

आज अण्णांची शिट्टी ऐकली. दोन तुटक, एक लांब. मी मैदानावर असलो की तिसऱ्या मजल्यावरून याच शिट्टीने जेवायला बोलवायचे. पुढे चैत्रालीलाही त्याच शिट्टीने हाक मारायचे, आणि ती पोर उलट तशीच शिट्टी देत धावत यायची.

भर दुपारी, रानातून. एखादा पक्षी असेल, माझंच मन असेल. असू दे. मी ओट्याशी उभा राहून मनसोक्त रडलो. कोणीतरी मला बोलावतंय, याचंच सुख झालं.

रविवार, ११ ऑक्टोबर

हे लिहावं की नको? परवा सकाळी मीटिंग होती. कान नुसते शिट्टीकडे. नंतरचं आठवत नाही. भानावर आलो तो दलदलीच्या कडेला, कमरेपर्यंत भिजलेला, तळहातात काटे रुतलेले, गुडघ्यांवर चिखल. तळहातांवर आणि गुडघ्यांवरच.

सतीशला फोन केला. तो माझ्याच कंपनीत, मूळचा साताऱ्याचा, लिमरिकला राहतो. एकटा राहून डोकं सटकलंय तुझं, म्हणाला, ये इकडे, मटण खायला घालतो. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही हे माहीत असून दर वेळी म्हणतो. हसलो. हसून बरं वाटलं.

रविवार, १ नोव्हेंबर

सकाळी नोराबाईंच्या दारात फेजंटचा नर सापडला. लांब शेपटी, तांबूस अंग, अजून उबदार. मला बोलावून दाखवला. अंगावर ना छर्रा, ना दाताचा ओरखडा. असा पक्षी फक्त चांगली शिकवलेली कुत्री आणते, म्हणाल्या, दात न लावता, ओठांत धरून. यंदा लॉकडाऊनमुळे गावच्या गन क्लबने शिकार बंद ठेवली आहे. मग हा आणला कोणी?

मी तोंडावर मास्क ओढून घेतला. सकाळी तोंड धुताना माझ्या दातांत तांबूस पीस अडकलं होतं.

रविवार, ८ नोव्हेंबर

सार्जंट येऊन गेला. तोच, कॉन यांची बंदूक नेणारा. रानात बार ऐकू येतात अशी कोणीतरी तक्रार केली आहे. अत्यंत सभ्यपणे त्याने सांगितलं की दुसऱ्याची बंदूक विनापरवाना नुसती जवळ ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे. मी पेटी उघडून दाखवली. रिकामीच होती. पण तेलाचा वास ताजा. त्यालाही आला असावा. टोपी काढून म्हणाला, ‘गॉड रेस्ट यू, कॉन,’ आणि गेला.

नंतर नोराबाईंना विचारलं, कॉन कुत्रीला हाक कशी मारायचे. त्यांनी ओठ मुडपून वाजवून दाखवली.

दोन तुटक, एक लांब.

माझे पाय शिट्टीच्या दिशेने निघाले. भिंत धरून थांबलो. म्हातारीने पाहिलं.

अण्णा नव्हते ते. एवढे दिवस अण्णा नव्हतेच. भात ठेवताना मी अण्णांचं नाव घेतलं नव्हतं, कॉन यांचंही नाही. उपाशी दोघेही होते. जो जवळ होता त्याने घास घेतला, आणि माझा शब्दही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

आज दिवाळी. एक पणती लावली. मागच्या भिंतीवर पुन्हा दहीभात ठेवला. या वेळी नाव घेतलं, गोत्र सांगितलं, मोठ्याने. रवींद्र म्हणजे माझे वडील, दुसरं कोणी नाही.

कावळा आला नाही. धुराड्यावर नाही, झाडावर नाही, आभाळातही नाही. नोराबाई म्हणाल्या, शिकाऱ्याच्या घरावर कावळा बसत नाही, त्याला बंदूक कळते.

म्हणजे बंदूक घेऊन कॉन इथे आहेत तोवर माझ्या बापाला घास नाही. भात संध्याकाळपर्यंत तसाच होता. फाटकाशी कोणी उभं असल्यासारखं वाटलं, पांढऱ्या शर्टात, आत न येता. मी धावत गेलो. कोणी नव्हतं.

आईला विचारलं, कावळ्याला दिलेला शब्द मागे घेता येतो का? नाही रे बाळा, म्हणाली, फेडावा लागतो. तुझा आवाज असा का येतोय, म्हणाली.

रविवार, २९ नोव्हेंबर

दोघींचा व्हिसा आला! १९ डिसेंबरला उतरतात. चैत्राली फोनवर नाचत होती. मी खूश व्हायला हवं होतं.

हंगाम ३१ जानेवारीला संपतो. तोवर कॉन यांच्याबरोबर फिरलो की शब्द फिटेल. मग कॉन जातील, कावळे येतील, अण्णा जेवतील. एवढाच हिशेब आहे. पण त्या दोघी त्याच्या आत येतात. मी असा असताना. त्यांना थांबवायला हवं.

तो माणूस वाईट नाही. पक्षी आणून दिला की डोक्यावर हात ठेवतो. लिहायची लाज वाटते, पण त्या हातासाठी मी—

गुरुवार, १० डिसेंबर

श्रावणीला सांगायचं होतं, येऊ नका. फोन धरला. वाक्य तयार होतं. तोंडातून आलंच नाही. घशात नुसतं गुरगुरलं. रेंज नाही का रे, म्हणाली. मग चैत्रालीने फोन घेतला, झोपाळा बांधलास का बाबा?

बांधलाय. रानाच्या बाजूला बांधलाय. मूर्खासारखा.

मेसेज लिहिला— तारीख बदला, इथे बरं नाही. उत्तर आलं, आता काही ऐकणार नाही, खूप झालं एकट्याने राहणं.

लिहिता येतं अजून. म्हणून लिहितो.

बुधवार, १६ डिसेंबर

गाडी चालवता येत नाही. पायांना कळत नाही. सतीश डब्लिनहून आणेल दोघींना. त्याला लिहिलं, तुझ्या घरी ठेव, इकडे नको. हसण्याचं चित्र पाठवलं त्याने. बायकोला सरप्राइज का, म्हणाला.

भात शिजवला. जमिनीवर सांडला. तिथेच—

अण्णा, माफ करा.

शनिवार, १९ डिसेंबर

वरच्या खोलीत. दार आतून लावलं. कडी लावता आली. पेन मुठीत धरून लिहितो.

रान गप्प आहे. कॉन उभे आहेत झुडपांशी. बंदूक मधून उघडून हातावर टाकलेली. वाट बघतात. मी जाणार नाही. आज नाही. श्रावणी आली की ही वही दारातून— ती वाचेल, चैत्रालीला घेऊन परत—

गाडी आली. फाटकातून मागच्या अंगणात.

सतीश सामान काढतोय. श्रावणी घराकडे बघते. बारीक झाली आहे किती. चैत्राली पिवळ्या जाकिटात. उंच झाली. माझी बाय. झोपाळा दिसला तिला. धावली. बसली.

शिट्टी.

दोन तुटक, एक—

माझे पाय— नाही. पलंगाचा पाय धरला. नाही जाणार.

झोपाळा थांबला. ती ऐकते आहे. मान रानाकडे. हसली. तोंडाशी बोटं नेली आणि तशीच वाजवली— जशी अण्णांना वाजवायची— आणि उतरून पळत सुटली, आजोबा, आजोबा म्हणत, झुडपांकडे—

श्रावणी पाठमोरी आहे. खिडकी उघडली. चैत्राली, थांब, ते आपले आजोबा नाहीत, असं ओरडायला तोंड उघडलं, आणि तोंडातून