सफरचंदाचं पांघरूण

ग्लाशा,

मी सकाळच्या बसने शहरातल्या इस्पितळात चाललोय. छातीचं ते जुनंच दुखणं. कोबीचं सूप चुलीवर आहे.

काल तू सफरचंदाच्या झाडावरचा सगळा बर्फ झाडलास म्हणे. बाबाला सांगितलंस, "बिचारं गारठलं असतं ना!" मी रागावलो नाही हं, उलट हसलो. अगं, आपल्या सायबेरियात बर्फ हेच झाडाचं पांघरूण! म्हणून तर ते रोप असल्यापासून मी त्याच्या फांद्या जमिनीलगत आडव्या वाकवल्या. उभं झाड बर्फाच्या वर राहतं आणि गोठून मरतं.

उद्या पारा उणे अडतीसवर जाणार. मला फावडं उचलायला बंदी आहे, तेव्हा आज शाळेतून आल्यावर तूच कमरेइतका बर्फ त्याच्यावर टाक. दाबू नकोस, भुसभुशीत बर्फच ऊब धरतो. बाबा म्हणेल, "एका झाडासाठी एवढा खटाटोप?" त्याच्याही हातात फावडं दे.

तुला नक्की जमेल.

एप्रिलात ऊन पडलं तरी बर्फ उकरू नकोस, आपोआप वितळू दे. हे मी तोवर घरी येऊन सांगणारच आहे, पण पेन हातात होतं म्हणून लिहून ठेवलं.

तुझा,
प्रोखोर आजोबा