धन्यवाद, सर

प्रिय हर्षल,

इंदूरला सगळे सुखरूप पोचलात, हे फोटोंवरून कळलं. गळ्यात हार, डोक्याला फेटा आणि उन्हानं करपलेलं तोंड. पुण्याहून एवढं अंतर सायकल मारत जायचं म्हणजे खायचं काम नाही. गुडघा दुखत असेल तर तिळाचं तेल चोळ. तुला स्वतःचं दुखणं सांगायची सवय नाही. लोकांची दुखणी मात्र छान सांगतोस.

इकडं आमचं चाललंय. ऊस अजून उभाच आहे. तोडणीची टोळी आज येते, उद्या येते म्हणत तुझे दाजी रोज बांधावर जाऊन बसतात. मोनिकाची सहामाही झाली, गणितात वर्गात पहिली आली. वस्तीपासून कोल्हारची शाळा चालत तासाभराची वाट आहे, आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की त्या रस्त्यानं पोरगी एकटी सोडायची म्हणजे माझा जीव टांगणीला लागतो. शाळेतून निरोप आला, की पुण्याहून सायकलवाले येणार आहेत, देणग्या गोळा करत इंदूरला जाणार आहेत आणि वाटेत लांबून येणाऱ्या मुलींना सायकली देणार आहेत. पत्रकावर तुझा फोटो. मी हरखलेच. मुख्याध्यापक नवीन आहेत, त्यांना आपलं नातं माहीत नव्हतं. त्यांनी अंतर बघून मोनिकाचं नाव घातलं, मी गप्प राहिले. म्हटलं, यादी बघून तू हसशील, फोन करशील, म्हणशील, ‘ताई, लबाड आहेस.’ मोनिकानं तर वर्गभर सांगून ठेवलं, की माझा मामा येतोय.

तुमचं स्वागत करायला शाळेनं पाच सवाष्णी उभ्या केल्या होत्या, त्यात मी. औक्षणाचं ताट घेऊन तासभर उन्हात उभी होते. तुम्ही आलात, सगळे एकसारखे, अंगात पिवळे शर्ट, डोळ्यांवर काळे चष्मे. कुंकू लावायचं तर प्रत्येकाला हेल्मेट काढायला सांगावं लागत होतं. तू समोर आलास आणि मान खाली घातलीस. चष्मा काढला नाहीस. भाऊबीजेलाही तू असाच अनोळखी माणसासारखा पाटावर बसायचास आणि मी हसले की मग दात काढायचास. मला वाटलं, तसंच काहीतरी चाललंय. म्हणून मी मुद्दाम नाकापर्यंत कुंकू ओढलं. तू रुमालानं पुसलंस आणि पुढच्या बाईला नमस्कार करून निघून गेलास.

मग तू माइक घेतलास. म्हणालास, ‘आमच्या घरात सायकल नव्हती, म्हणून माझ्या ताईचं शिक्षण सुटलं. या प्रवासातलं प्रत्येक पायडल तिच्यासाठी आहे.’ बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या शेजारी दुसऱ्या वाडीवरची एक बाई होती, ती मला म्हणाली, ‘लई गुणाचा भाऊ हाय. कुठं असती ओ ह्यांची बहीन?’ मी म्हणाले, माहीत नाही.

हर्षल, घरात सायकल होती. आठवीत गेले तेव्हा आप्पांनी मला लाल लेडीज सायकल घेऊन दिली होती. दहावीत मी शाळेत दुसरी आले आणि आप्पा म्हणाले, आता पुरे, लोणीच्या कॉलेजात पोरगी एकटी कशी जाणार. दोन वर्षांनी तू त्याच कॉलेजात त्याच सायकलवर गेलास. लेडीज सायकलवर पोरं हसतील म्हणून रुसून बसला होतास, जेवला नव्हतास. मग आप्पांनी वेल्डिंगवाल्याकडून तिला आडवी दांडी बसवून आणली, पुढची जाळी काढली आणि काळा रंग दिला. त्या जाळीत मी चुलीपाशी लसूण ठेवायचे. तेव्हा मला राग आला नव्हता. भाऊ शिकतोय याचं कौतुकच होतं, सकाळी तुझ्या चाकात हवा मीच भरून द्यायचे. राग आता येतोय. मला शिकवलं नाही म्हणून नाही. ती सायकल होती आणि तिच्यावर कोण बसलं, हे तू लोकांना सांगत नाहीस म्हणून.

निवेदकानं मोनिकाचं नाव पुकारताना ‘गरजू विद्यार्थिनी’ म्हटलं. ती पळतच स्टेजवर गेली. तू तिच्याकडं वाकून काहीतरी बोललास, फोटो निघाला, तिच्यापुढं माइक आला आणि ती म्हणाली, ‘धन्यवाद, सर.’ घरी आल्यावर मी तिला विचारलं, मामा का म्हणाली नाहीस? ती दप्तर ठेवत म्हणाली, ‘मामाच म्हनला, हितं सर म्हन.’

देणगीदारांना वाटेल, मामानं भाचीचीच सोय केली. ही तुझी अडचण मला कळते, मी काही अगदीच अडाणी नाही. पण यादी तुझ्या हातात आठवडाभर आधी होती. एक फोन केला असतास, तर मी आनंदानं नाव मागं घेतलं असतं आणि गरज असलेल्या दुसऱ्या पोरीला सायकल मिळाली असती. तुला फोन करणं अवघड गेलं. आठवीतल्या पोरीला ‘सर’ म्हणायला लावणं सोपं गेलं. आता वर्गात पोरी तिला विचारतात, तुझे सर कधी येणार गं? ती सायकलला हात लावत नाही. ओसरीवर प्लास्टिक गुंडाळलेलं तसंच आहे आणि ती पहाटे उठून चालत जाते. दाजी म्हणतात, सोडून दे, तुझा भाऊ मोठा माणूस हाय. मी बरीच वर्षं सोडूनच देत आले.

तुझ्याशी भांडायला मी कागद घेऊन बसले नसते, त्याला फोन पुरला असता. काल तुझ्या संस्थेतून एका मुलीचा फोन आला होता. फार गोड बोलत होती. म्हणाली, लाभार्थीच्या पालकांनी स्वतःच्या हस्ताक्षरात आभारपत्र पाठवायचं आहे. सायकल मिळण्याआधी घरची परिस्थिती काय होती ते मोकळेपणानं लिहा, मनापासून लिहा. पुण्यात समारोपाला देणगीदारांसमोर सर स्वतः पत्र वाचून दाखवणार आहेत. मी तिला विचारलं, सगळं लिहू का? ती म्हणाली, हो ताई, सगळं. म्हणून लिहिलं. हे आमचं आभारपत्र. वाच.

तुझीच ताई,
जया
(लाभार्थी मोनिकाची पालक)