भीतीला दहापैकी किती

५ जानेवारी
माकणीला एसटी अर्धा तास उभी. मागच्या सीटवर बसून कालचा सिनेमा संपवला. विहिरीतून बाई वर येते आणि साडी कोरडी! भीतीला दहापैकी दोन. रशीदभाई, माझे ड्रायव्हर, म्हणाले, "बाई, दिवसभर पाशिंजर कमी पडतेत का, वरनं भुतं बघता?"
पैसे नसलेल्या सिनेमावाल्यांनी भूत दाखवूच नये. नुसता आवाज द्यावा. आवाजाला खर्च नाही, आणि बघणारा त्यात आपलंच भूत भरतो. भुताच्या हाकेला ओ दिली की मेला, हा नियम मात्र सगळे पाळतात. तेवढा आम्हाला लहानपणापासून पाठ.

११ जानेवारी
लोहाऱ्यात तिघं चढले. लातूरचे, कॅमेऱ्याच्या बॅगा. कमी खर्चात भुताचा सिनेमा करतायत. "ताई, भूकंपात पडलेलं गाव कुठंय?" म्हटलं, ते माझंच गाव. मग मी त्यांच्या गोष्टीतल्या चुका काढत बसले. कंडक्टरबाईला एवढं कळतं म्हणून चाट पडले. सुट्टीला जागा दाखवते म्हटलं.
अव्वाला सांगितलं नाही. आई असून या एका विषयावर तिच्याशी कधी बोलणं झालेलं नाही. जुन्या गावात ती परत गेलीच नाही. नव्या गावात सरकारनं घर दिलं, पण स्लॅबखाली झोपत नाही. अंगणात पत्र्याखाली.

१७ जाने. सुट्टी
जुन्या गावात बाभळी माजल्यात. आमच्या घराची दगडी चौकट तेवढी उभी.
लातूरवाल्यांतल्या एकानं विचारलं, इथं काय घडलं होतं? आणि मी सांगून मोकळी. महादेवी, थोरली बहीण, नऊ वर्षांची. मी पाचाची. मी बाहेर निघाले, ती माळवदाच्या मातीखाली. दुपारपर्यंत "आई, आई" करत होती. मग बंद.
जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना रडू आलं नाही. उलट त्यांचे चेहरे बघून चेव आला. कुठं थांबायचं तेही नेमकं जमलं. आता लाज वाटतेय.

२ मार्च
त्यांचा सिनेमा मोबाइलवर आला. डेपोत बघितला. भूत दाखवलेलंच नाही. आमची चौकट, आतून पोरीचा आवाज, "आई, आई". सांगताना मी थांबले होते तिथंच ती हाकही थांबते. शेवटी मोठ्या अक्षरात, सत्य घटना.
खाली लोकांनी हसरी तोंडं टाकलीत. गुण लिहायला पेन उचललं. सवय. दहापैकी… लिहिलं नाही.
दुसऱ्या फेरीला दोघांना भलत्याच गावची तिकिटं दिली.

३ मार्च
त्यातल्या एकाला फोन केला. "ताई, तुम्हीच तर सांगितलंत. नाव कुठं घेतलंय आम्ही?" खरंय. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, आता कुणावर ओरडू?

८ मार्च
घरी आले तर अव्वा पत्र्याखाली तशीच बसलेली. शेजारीण सांगून गेली होती, तुमचं घर सिनेमात आलंय.
"दाखव."
"भुताचा हाय, अव्वा. कशाला?"
"माझं घर हाय का न्हाय त्यात?"
म्हटलं, आज रेंज न्हाय.

११ मार्च
तीन दिवस पुरली रेंजची सबब. आज दाखवला.
चौकट आली तशी तिनं बोट लावलं. सिनेमा थांबला. बराच वेळ नुसती बघत होती. मग मी चालू केला. आवाज आला. 
"ही कुणाची पोर?"
"नटी हाय कुणीतरी."
"आई म्हणतीय. आमच्यात कोण आई म्हणतं?"
जीव भांड्यात पडला. लातूरवाल्यांशी बोलताना मी अव्वाचं आई केलं होतं, म्हणून वाचले, असं वाटलं. संपल्यावर फोन परत दिला.
"कुणी सांगितलं त्यांना?"
"म्या."
रागावली नाही. "तुला काय ठावं?"
"आठवतंय. ती तुला हाका मारत होती."
"मला न्हाय. तुला मारत हुती. शोभे, शोभे. तुला काढून लिंबाखाली बसवलं हुतं. म्या म्हनत हुते, पोरी, एकदा ओ दे, तिला कळू दे तू हाईस. तू काय तोंड उघडलं न्हाईस."
मग उठून भाकऱ्या थापल्या. मी दोन खाल्ल्या. कशा, ठाऊक नाही.

१२ मार्च
ड्यूटी. लिंब आठवतो. बुडाशी मुंगळे होते. हाकेतलं माझं नाव आठवत नाही. "अव्वा, अव्वा" हे मी कुठून आणलं? खरंच ऐकलं होतं, की तेच बरं म्हणून ठेवून घेतलं?
रशीदभाईंनी नवीन सिनेमा पाठवलाय. उघडला नाही.
सकाळी डबा देताना अव्वा म्हणाली, "सुट्टीला जुन्या गावात जा. माझी बी न्हाय, तुझीच हाक हाय ती. चौकटीपाशी हुबी ऱ्हा आन एकदा ओ देऊन ये."
सुट्टी परवा आहे. डेपोतल्या एकीनं त्या दिवसाची ड्यूटी बदलून मागितलीय. तिला अजून हो की नाही काही सांगितलेलं नाही.