ती तारीख मी का वाढवली

श्री. दिगंबरराव यांस,

माजी पतीला कोणता मायना घालावा हे पंचवीस वर्षं संस्कृत शिकवूनही सापडलं नाही. तेव्हा नुसता नमस्कार.

परवा नेरच्या लग्नात तुम्ही म्हणालात म्हणे, "कोकिळालेच सुटाचं नव्हतं. शेवटची तारीख तिनंच वाढवून घेतली."

वाढवली, हे खरं. पण तुमच्यासाठी नव्हे.

यवतमाळच्या कोर्टात तुम्ही गैरहजर राहायचात, तेव्हा बाकावर माझ्याशेजारी रुपीबाई असायची. तांड्याच्या पंचांनी तिला नवऱ्यापासून मोकळं केलं होतं; आता सरकारी कागद हवा होता. दर तारखेला सासरचे तिला परत न्यायला जीप घेऊन यायचे. ते जवळ आले की मी गंभीर चेहऱ्यानं 'रामः रामौ रामाः' सुरू करायची. त्यांना वाटायचं, वकिलीणबाई कायद्याची कलमं सांगतायत. ते लांबच उभे राहायचे.

माझा निकाल लागायचा होता त्या सकाळी ती म्हणाली, "तुमचं आज झालं तं पुढच्या खेपेला मी एकटी. मले जीपमंदी बसवतीन वो."

शुभस्य शीघ्रम् शिकवणाऱ्या मी वकिलांकडून तिचीच तारीख मागून घेतली. दोघी एकाच दिवशी सुटलो. बसस्टँडवर भजी खाल्ली आणि गप्पांपायी दोन एसट्या मुद्दाम सोडल्या.

इथवरचं रुपीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नका धाडू वो. त्यायच्याजवळ तेवढंच तं उरलं आहे."

म्हणून धाडत नाही.

कधीकाळची आपली, आता रुपीबाईची शेजारीण,
कोकिळा