नावेच्या तळाचं पॉलिश

२८ ऑक्टोबर १९४८
नाव आली! कुठल्याशा संस्थानाच्या तलावातली. संस्थान विलीन झालं, सामान लिलावात निघालं, ह्यांनी उचलली — तापीपलीकडच्या केळीच्या बागेत जायला. बाहेरून राजेशाही. आत तळाचं पॉलिश पार गेलंय. पांढरे चट्टे, पोपडे. खाली दुसरा थर नाही. त्या फळ्या आणि मग थेट नदी.

३ नोव्हेंबर
मालूबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, जेवताना सगळ्यांसमोर बोलल्या — "बागेतला माझा अर्धा वाटा मले वेगळा करून द्या." भाऊजी वारल्यापासून गप्प होत्या. हक्काचंच मागतात. हे नुसते ताक पीत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

८ नोव्हेंबर
हे सारखे घाटावर. नावेत ठाकठोक. मी म्हटलं, पॉलिश मी करते. "कायले? रहने दे!" आणि मग एकदम गोड — "पुनवेला वहिनीला नावेतून दिवे सोडायला पाठवू."
मालूबाईंना पोहता येत नाही.

११ नोव्हेंबर
हे खकनारला गेले. मालूबाई म्हणाल्या, "तळ पायाले टोचतो व बाई. घासून दे न." हे नको म्हणाले होते, मी म्हटलं. "म्हणून तर आज सांगते."
नाव वाळूवर ओढलेली. फुटक्या काचेनं खरवडायला बसले. जुनं पॉलिश भुशासारखं उडत होतं. बसायच्या फळीपुढे मात्र काच रुतली. मऊ! तिथलं पॉलिश नवं, चिकट. त्याखाली लाकूड नाहीच — मेण. वाटीएवढं. टोकरलं तर आरपार वाळू दिसली.
मधल्या धारेत पाय पडला असता तर...


१२ नोव्हेंबर
कडू मिस्त्रींना बोलावलं. बघून म्हणाले, "ही कीड नाही, बाई. पटाशीनं पाडलंय." कोण, ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांनी सागाचा तुकडा बसवला, सांध्यात राळ भरली. मी काचकागद मारून सगळ्या तळाला लाखेचं पॉलिश दिलं. सांधा दिसत नाही. दिसताच कामा नये!

१४ नोव्हेंबर
हे परतले. आधी नाव बघून आले.
"तळाला हात कोणी लावला?"
"मी. मालूबाईंना टोचत होतं. वरवर पॉलिश मारलं."
"वरवरच ना?"
"वरवरच."
जेवण भरपेट जेवले.

१६ नोव्हेंबर, पुनव
ह्यांचं डोकं दुखत होतं म्हणे. नावेत बसले नाहीत. भिकन नावाडी आणि मालूबाई, दोघंच. मी घाटावर, जीव मुठीत. मालूबाई नेमक्या त्या जागी पाय रोवून बसल्या. दिवे सोडले. परत आल्या — कोरड्या ठणठणीत!
ह्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यापासून पाहताहेत.

१७ नोव्हेंबर
मालूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या वाती वळत होत्या. हात थांबला नाही.
"ठाऊक होतं मले. भिकननं त्याले भोक पाडताना पाहिलं होतं. तू कोणाकडची, तेवढंच पाहायचं होतं."